जिल्ह्यातल्या पेपरांचा 'रीच' (पोहोच) मोजायचाय: १२०० मुलाखतींत काय जमतं, काय नाही?

रेघोट्या
जिल्ह्यातल्या जाहिरातदारांसाठी वाचक-पाहणी करायचं घाटतंय. तीन मराठी दैनिकं, एक लोकल केबल वाहिनी. जिल्ह्याचं ठिकाण, दोन नगरपालिका आणि भोवतालची गावं मिळून बारा वर्षांवरची माणसं साधारण ५ लाख. पैशात १२०० मुलाखती बसतात, त्याहून एकही जास्त नाही.

हवंय ते एवढंच: कुठला पेपर किती जण वाचतात, आणि सहा जाहिराती दिल्या तर किमान एक तरी किती जणांच्या नजरेखालून जाईल. सध्या प्रत्येक पेपरवाला आपला खप सांगतो, त्याला पाचने गुणतो आणि 'वाचक' म्हणून छापतो. ते नको. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

खपवाले_काका
पाचने गुणणं सोडलंत हे उत्तम. एबीसी (ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स) ही संस्था १९४८ पासून खप तपासते, म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या प्रती. त्या प्रती कोणी वाचल्या हा तिचा विषयच नाही. दर प्रतीमागे वाचक किती, हे पाहणीतून बाहेर पडणारं उत्तर आहे. ते गृहीत धरून गुणायला घेतलं की सगळं उलटं झालं. सलूनमधली प्रत, एसटी स्टँडवरच्या कँटीनची प्रत आणि फ्लॅटच्या दारात पडणारी प्रत यांना एकच गुणक कसा लागेल?

मात्र पडताळणीला तो आकडा ठेवा. पाहणीतून आलेले वाचक भागिले वितरकांकडून मिळालेला खप (न विकता परत आलेल्या प्रती वजा करून). एका पेपरला ३ आणि दुसऱ्याला ११ आलं तर ११ वाल्याच्या मुलाखती आधी उघडून बघा.

फील्डखाते
पाहणी बिघडते ती प्रश्नात आणि दारात. गणित नंतर. म्हणून आधी प्रश्नाचं.

"तुम्ही कोणता पेपर वाचता?" असं मोघम विचारू नका. लोक घरी येणाऱ्या पेपरचं नाव सांगतात, स्वतः उघडला नसला तरी. मास्टहेडची कार्डं करा, खऱ्या नावपट्टीसारखी, त्याच अक्षरवळणात आणि रंगात. एका कार्डावर एकच नाव. आणि विचारण्याचा क्रम असा:

पहिली चाळणी: गेल्या महिन्याभरात यातला कुठला पेपर वाचला किंवा निदान चाळला? घरी, ऑफिसात, टपरीवर, कुठेही चालेल.
मग वारंवारता: आठवड्याच्या साधारण किती अंकांवर नजर जाते? (६-७, ३-५, १-२, त्याहून कमी)
मग शेवटचा कधी: आज सोडून, शेवटचा कधी वाचला? काल, गेल्या आठवड्यात, त्याआधी.

दैनिकाचा 'सरासरी अंक वाचक' म्हणजे "काल" म्हणणारे. महिन्याभरात कधीतरी वाचलेले सगळे धरले तर 'एकूण वाचक'. पेपरवाले जाहिरातीत दुसरा आकडा मोठ्या टायपात छापतात. खोटा नसतो तो, पण एका दिवशीच्या एका जाहिरातीला तो लावता येत नाही.

इथे एक खड्डा आहे. २७ जानेवारी, १६ ऑगस्ट, दिवाळीतला एखादा दिवस: बऱ्याच पेपरांचा अंक निघत नाही. २८ जानेवारीला "काल वाचला का" विचारलंत तर वाचन एकदम आपटलेलं दिसेल. त्या दिवशी फील्ड बंद ठेवा. शिवाय मुलाखती सातही वारांत समान वाटा. रविवारी पुरवणीमुळे वाचन वेगळं असतं, आणि रविवारबद्दल फक्त सोमवारीच विचारता येतं.

नावपट्टी
कार्डांचा मुद्दा फार महत्त्वाचा. 'तरुण भारत' नावाने नागपूरचा पेपर आहे आणि बेळगावचाही आहे, संबंध काही नाही. 'लोकमत', 'लोकसत्ता' आणि हिंदी 'लोकमत समाचार' तोंडी विचारलेत तर हमखास सरमिसळ. "लोक… काहीतरी" असं उत्तर आलं की प्रश्नकर्ता स्वतःच्या मनातलं नाव टाकून मोकळा होतो.

कार्डांचा क्रम प्रत्येक मुलाखतीत फिरवा. पहिल्या कार्डाला जास्त होकार मिळतो, शेवटच्याला कंटाळा.

फील्डखाते
कंटाळ्यावरून आठवलं. चाळणीत "हो" आलं की पुढे आणखी उपप्रश्न येतात, हे उत्तर देणाऱ्याला तिसऱ्या कार्डापर्यंत कळतं. प्रश्नकर्त्याला तर पहिल्याच दिवशी. मग दोघांच्या मूक संमतीने उरलेल्या कार्डांना "नाही, नाही, नाही". त्यासाठी सगळ्या कार्डांची चाळणी आधी पूर्ण करून घ्या, उपप्रश्न त्यानंतर. टॅबवर असेल तर प्रोग्रामच तसा बांधा, परत मागे जाता येणार नाही असा.

हे तपासायलाही सोपं आहे. प्रश्नकर्तानिहाय 'सरासरी किती कार्डांना हो' काढा आणि आठवड्यागणिक बघा. एखाद्याचा आकडा दर आठवड्याला घसरत असेल तर त्याच्या भागात वाचन कमी झालेलं नाही, त्याला युक्ती सापडलीय.

मतदारयादी
आता माणूस निवडायचा कसा. मतदारयादीतून भाग आणि सुरुवातीचा पत्ता काढायचा, तिथून उजव्या हाताला वळत ठरावीक घरं सोडून पुढचं घर. यादी पत्त्यासाठीच वापरायची, माणसासाठी नाही. तुम्हाला बारा वर्षांवरचे सगळे हवेत, यादीत अठराच्या खालचे नसतात.

घरात शिरल्यावर दार उघडणाऱ्याची मुलाखत घ्यायची नाही. बारा वर्षांवरच्या सगळ्यांची वयानुसार यादी करायची आणि किशचा तक्ता लावायचा. लेस्ली किशने १९४९ मध्ये मांडलेली पद्धत, अजून तीच वापरतात. तक्ता म्हणाला "यादीतली तिसरी व्यक्ती", तर तिसरीच. ती कॉलेजात असेल तर संध्याकाळी परत जायचं, नाहीतर रविवारी. एकूण तीन फेऱ्या, वेगवेगळ्या वेळी.

फेऱ्या वाचवल्या तर काय होतं? दुपारी घरात असतात त्या गृहिणी आणि निवृत्त लोक. ते वेगळे पेपर वाचतात असं नाही, पण ऑफिसात, कट्ट्यावर, एसटीत होणारं वाचन तुमच्या आकड्यातून साफ गळतं. नेमकी तीच वाचनं 'दुसऱ्याच्या प्रतीची' असतात.

थेटभेट
एवढं सगळं १२०० साठी? कोटा पद्धतीने करा ना. वय, लिंग, शहर-गाव यांचे कोटे द्या, बाजारात आणि चौकात उभे राहा, आठ दिवसांत काम फत्ते. खर्च निम्म्यावर येईल.

मतदारयादी
@थेटभेट, नव्या साबणाचा वास आवडला का हे विचारायला कोटा ठीक. इथे मोजायची गोष्ट आणि माणूस सापडण्याची जागा एकमेकांत अडकल्यात. चौकात जो भेटतो तो चौकातला पेपर वाचणारा असतो. वय-लिंगाचे कोटे तंतोतंत भरले तरी ती अडचण तशीच राहते, आणि शेवटी चूक-मर्यादा लिहायला आधारच उरत नाही.

थेटभेट
बरं, मान्य. पण मग गेटेड सोसायट्यांचं काय? वॉचमन आत सोडत नाही. तिथे तुमची यादीही गेली आणि किशही गेला.

मतदारयादी
हा खरा प्रश्न आहे. पाहणी सुरू व्हायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र, ओळखपत्र, ठरवून घेतलेली वेळ, शक्यतो रविवार सकाळ. तरीही नकार जास्तच येणार. शेजारच्या चाळीतून भरपाई मात्र करायची नाही. नकार नकार म्हणूनच नोंदवा. नाहीतर वरचा थर पातळ होतो आणि तो थर वाचणारा पेपर कारण नसताना मार खातो.

आकडेमोड
१२०० ची वाटणी. फील्डवाले म्हणतील ४० ठिकाणी जाऊ, प्रत्येकी ३०. प्रवास वाचतो. पण एका गल्लीत कुठला पेपर जास्त येतो हे बऱ्याचदा त्या लाइनच्या विक्रेत्यावर ठरतं, म्हणून शेजारी-शेजारी उत्तरं सारखी येतात. तिसाव्या मुलाखतीतून नवं फारसं कळत नाही.

फुगवटा (या सारखेपणामुळे नमुना जितक्या पटीने कमकुवत होतो तो आकडा) = १ + (एका ठिकाणच्या मुलाखती − १) × सारखेपणा. सारखेपणा ०.०५ धरू. पेपरांसाठी तो याहून जास्तही निघू शकतो.

४० ठिकाणं × ३०: फुगवटा २.४५, म्हणजे १२०० ची खरी ताकद ४९० मुलाखतींची.
८० × १५: फुगवटा १.७, ताकद ७०६.
१२० × १०: फुगवटा १.४५, ताकद ८२८.

माझं मत ८० × १५. एका ठिकाणी एक जोडी, दीड-दोन दिवस, परतफेऱ्यांसह.

आता ७०६ वर काय मिळतं. ज्या पेपरचं वाचन २०% आलं त्याला ±३ टक्के-बिंदू (९५% खात्रीने). चालण्यासारखं. ज्याचं ४% आलं तो २.६ ते ५.४ च्या मध्ये कुठेही असू शकतो. ५ लाखांत म्हणजे १३,००० ते २७,००० वाचक. तेव्हा ४% वाला आणि ५% वाला यांत "कोण पुढे" हे या पाहणीतून सांगता येत नाही. जाहिरातदाराने कितीही खोदून विचारलं तरी.

तालुकावार आकडे तर मागूच नका. एखाद्या तालुक्यात १५० मुलाखती पडल्या, ताकद ८८ च्या आसपास, २०% म्हणजे साधारण १२ ते २८%.

खपवाले_काका
मोठ्या पाहण्यांनाही हे चुकलेलं नाही. आयआरएस (इंडियन रीडरशिप सर्व्हे, देशव्यापी वाचक-पाहणी) २०१३ चे आकडे जानेवारी २०१४ मध्ये आले तेव्हा मोठ्या वृत्तपत्रसमूहांनी संयुक्त निवेदन काढून ते नाकारले होते. त्यातला एक आक्षेप नागपूरचा: तिथल्या 'हितवाद' या इंग्रजी दैनिकाचा तपासलेला खप ६०,००० च्या घरात, आणि पाहणीत वाचक शून्य. पुढे आयआरएस २०१७ (प्रसिद्धी जानेवारी २०१८) साठी नमुना ३.२ लाख कुटुंबांपर्यंत वाढवला गेला.

आकडेमोड
त्यातून शिकायचं ते हे: देशभराचा नमुना लाखांत असला तरी एका शहराच्या वाट्याला शेकड्यांतच मुलाखती येतात. ज्या पेपरचे वाचक ठरावीक वस्त्यांत एकवटलेले असतात, त्याला तर ठिकाणांची निवड आणखी छळते. म्हणूनच खपाशी पडताळणी छापण्याआधी करायची असते.

वजनकाटा
भारांकनाबद्दल (प्रत्येक मुलाखतीला किती वजन द्यायचं) कुणी लिहिलं नाही म्हणून.

घरटी एकच माणूस निवडला, म्हणजे सहा जणांच्या घरातल्या माणसाला संधी एक षष्ठांश आणि एकट्या राहणाऱ्याला पूर्ण. तेव्हा पहिलं वजन घरातल्या बारा वर्षांवरच्या माणसांची संख्या. मग वय, लिंग, शहर-गाव, शिक्षण यांची प्रमाणं लोकसंख्येशी एकेक करून जुळवत फेऱ्या मारायच्या, आकडे स्थिरावेपर्यंत. लोकसंख्येचे आकडे कुठले घ्यायचे? शेवटची झालेली जनगणना २०११ ची. तीवरून पुढे नेलेले अंदाजच वापरावे लागतात आणि शहरालगतची गावं त्यात हमखास मागे पडतात. अहवालात कुठला अंदाज घेतला ते लिहा.

वजनं सरासरीच्या पाचपटीच्या वर गेली तर कापा. शेवटी वजनांच्या बेरजेचा वर्ग भागिले वजनांच्या वर्गांची बेरीज काढा. १२०० चे ९०० आले तर ठीक. ६०० आले तर फील्डमध्ये गडबड आहे. भारांकन ती झाकतंय, दुरुस्त करत नाही. आणि हा तोटा आकडेमोड यांनी सांगितलेल्या फुगवट्याच्या वरचा आहे, दोन्ही धरा.

आर्थिक गटासाठी एनसीसीएस ही कुटुंबांची वर्गवारी वापरत असाल तर त्यात मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ११ वस्तूंपैकी घरात किती, यावरून ए१ ते ई३ असे बारा गट पडतात. १२०० मध्ये बारा गट म्हणजे चेष्टा. ए, बी, सी आणि डी-ई एकत्र, बस.

रेघोट्या
सगळ्यांचे आभार, वाखूसा (वाचनखूण साठवली). आता सहा जाहिरातींचं. एका अंकाला २०% असेल तर सहा अंकांना १२०% हे चूक, एवढं कळतं. मग १ − ०.८ चा सहावा घात, म्हणजे ७४% येतं. हे बरोबर का?

बीटाबाबू
नाही. ७४% तेव्हा येईल जेव्हा दररोज नव्याने चिठ्ठ्या टाकून वाचक ठरत असतील. प्रत्यक्षात रोजचा वाचक रोजच वाचतो आणि न वाचणारा सहाही दिवस वाचत नाही.

दोन आकडे लागतात: एका अंकाची पोहोच आणि दोन अंकांची मिळून पोहोच. दुसरा आकडा वारंवारतेच्या प्रश्नातून काढता येतो. पण "६-७ अंक वाचतो" म्हणणाऱ्याला ७ पैकी ७ देऊ नका, लोक वाढवून सांगतात. त्या गटातल्या किती टक्क्यांनी "काल" वाचला ते बघा, तीच त्या गटाची शक्यता. समजा असं निघालं:

१५% लोक, शक्यता ०.९
१०% लोक, शक्यता ०.५
१५% लोक, शक्यता ०.१
बाकीचे ६०%, शून्य

एका अंकाची पोहोच १३.५ + ५ + १.५ = २०%. दोन अंकांची प्रत्येक गटात १ − (१ − शक्यता)² लावून १४.८५ + ७.५ + २.८५ = २५.२%. सहा अंकांची त्याच रीतीने ३१.९%.

गट माहीत नसतील, फक्त २० आणि २५.२ हातात असतील, तर बीटा-द्विपद (प्रत्येकाची वाचनाची शक्यता वेगळी धरणारं संख्याशास्त्रीय सूत्र) वापरतात. माध्यम-नियोजनात ते १९६४ च्या मेदरिंगहॅमच्या लेखापासून रुळलं. न वाचणारे: पहिल्या अंकाला ०.८ (त्याचा वर्ग ०.६४), दोन्हीला ०.७४८. बेरीज-स्थिरांक = (०.८ − ०.७४८) ÷ (०.७४८ − ०.६४) = ०.४८१५. त्याचा ०.८ भाग ०.३८५२. मग ०.३८५२/०.४८१५ × १.३८५२/१.४८१५ × २.३८५२/२.४८१५… असे सहा अपूर्णांक गुणा. ०.६७२ येतात, म्हणजे पोहोच ३२.८%.

३१.९ आणि ३२.८. दोन वाटांनी गेलो तरी जवळपास एकाच ठिकाणी. ७४ कुठे राहिले बघा. जाहिरातदाराला सांगायचं ते असं: ३३% लोक, प्रत्येकाला सरासरी ३.६ वेळा (१२० ÷ ३३).

आकडेमोड
आणि तिन्ही पेपरांत मिळून द्यायच्या असतील तर दुबार वाचक (एकाहून जास्त पेपर वाचणारे) येतात. समजा पोहोच ३०, २० आणि १०. जोड्यांचे दुबार ८, ४ आणि ३. बेरीज ६०, दुबारांची बेरीज १५. दुबार वगळून एकूण पोहोच काढायचं अगोस्तिनीचं सूत्र: ६० ÷ (१.१२५ × १५/६० + १) = ४६.८%. दुबार योगायोगानेच होतात असं धरलं तर १ − ०.७ × ०.८ × ०.९ = ४९.६%. आपल्याकडे पेपर वाचणारा दुसराही चाळतो, म्हणून खरा आकडा खाली.

१.१२५ हा स्थिरांक फ्रेंच मासिकांवरून १९६१ मध्ये काढलेला. मराठी दैनिकांना तो जसाच्या तसा लागेल याची हमी नाही. बेळगाव, सोलापूरसारख्या ठिकाणी, जिथे दुसऱ्या भाषेचा पेपरही घरात येतो, तिथे आधी तपासा.

बीटाबाबू
खरं तर रेघोट्यांना यातलं एकही सूत्र लागत नाही. सूत्रं ज्याच्याकडे फक्त छापील तक्ते आहेत त्याच्यासाठी. तुमच्याकडे १२०० ओळींचा कच्चा डेटा असणार. एक्सेलमध्ये प्रत्येक माणसापुढे तीन पेपरांच्या तीन शक्यता मांडा. दोन-दोन जाहिराती असतील तर प्रत्येकाची (१ − शक्यता)², तिन्हींचा गुणाकार, तो एकातून वजा, मग वजनाने सरासरी. दुबार वाचक आपोआप हिशोबात येतात. जाहिरातींचं वेगळं वाटप हवं तर घात बदला.

फक्त हा 'अंक उघडला' याचा आकडा आहे. जाहिरात सातव्या पानावर असेल तर ती दिसली का, हे वेगळं.

रेघोट्या
केबल वाहिनीचं?

फील्डखाते
टीव्हीला देशपातळीवर बार्क या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचं, मीटर बसवलेल्या घरांचं पॅनेल आहे: आवाजात मिसळलेला वॉटरमार्क मीटर ओळखतो आणि घरातला प्रत्येक जण रिमोटवरचं आपलं बटण दाबतो. तिथेही लहान वाहिन्यांचे आकडे आठवड्याला उड्या मारतात. वृत्तवाहिन्यांचे आकडे ऑक्टोबर २०२० मध्ये थांबवले आणि मार्च २०२२ मध्ये परत सुरू केले ते चार आठवड्यांच्या सरकत्या सरासरीने. जिल्ह्याच्या लोकल वाहिनीला त्याचा उपयोग नाही.

तुम्ही 'कालची आठवण' पद्धत घ्या. काल सकाळी सहापासून अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. आधी "त्या वेळी काय करत होता?" (जेवण, शेत, दुकान), मग "टीव्ही सुरू होता का?", मग कुठली वाहिनी. थेट वाहिनीचं नाव घेऊन विचारलं तर निम्मं गाव "बघतो की" म्हणेल. मुलाखत २५ मिनिटांवर जाऊ देऊ नका, त्यापुढे रकाने नुसते भरले जातात.

थेटभेट
बोगस मुलाखती कशा पकडायच्या?

फील्डखाते
जीपीएस, सुरू-बंदची वेळ, आणि संमती घेऊन मधल्या दोन-तीन प्रश्नांचं रेकॉर्डिंग. १५% घरी दुसऱ्या माणसाने परत जायचं, शक्यतो ४८ तासांत, आणि दोनच गोष्टी विचारायच्या: घरात माणसं किती, आणि निवडलेली व्यक्ती तीच होती का. पेपरबद्दल परत विचारू नका. 'काल' बदललेला असतो. प्रश्नकर्त्याला मोबदला पूर्ण मुलाखतींवरच नको, फेऱ्यांवरही द्या. नाहीतर तिसरी फेरी कागदावरच होते.

नावपट्टी
थोडं अवांतर: हीच पद्धत दिवाळी अंकाला लावायला जाऊ नका. वर्षातून एक अंक, वाचनालयातून मार्चपर्यंत फिरणारा. "शेवटचा कधी वाचला" म्हणून काही हाती लागत नाही. तिथे प्रत्यक्ष अंक हातात देऊन पानं उलटत विचारावं लागतं आणि फील्ड निदान दोनदा, डिसेंबरात आणि मार्चअखेर.

रेघोट्या
ठरलं मग: ८० × १५, कार्डं, किश, तीन फेऱ्या. तालुकावार तक्ते देणार नाही हे जाहिरातदारांना आधीच लेखी कळवतो. प्रश्नावलीचा मसुदा झाला की इथेच टाकेन, फाडून काढा.

वजनकाटा
आधी ३० मुलाखतींची रंगीत तालीम करा, निम्म्या गावात. आणि त्या ३० मूळ १२०० मध्ये मिसळू नका.